पन्नास रुपयांची तूट, नऊशे नव्वद रुपयांचा भुर्दंड

बँकेतून पासबुक भरून आणले की कधीकधी त्यात 'नॅच रिटर्न चार्जेस' किंवा जुन्या सवयीने छापलेली 'ईसीएस रिटर्न' अशी एक ओळ दिसते आणि तिच्यापुढे २९५ किंवा ५९० असा आकडा असतो. दुचाकीचा, मोबाइलचा, पॉवर टिलरचा किंवा घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता ठरल्या दिवशी खात्यातून आपोआप वळता व्हायचा होता, शिल्लक कमी पडली, हप्ता बाउन्स झाला आणि बँकेने दंड कापला, एवढाच त्या ओळीचा अर्थ. ज्याच्या खात्यात ही ओळ येते तो सहसा स्वतःलाच दोष देतो आणि गप्प बसतो. माझे म्हणणे असे, की हा दंड बहुतेक वेळा कर्ज बुडवणाऱ्याला होतच नाही. पैसे येण्याची तारीख आणि पैसे जाण्याची तारीख यांचा मेळ न बसलेल्या माणसाला तो होतो. हा मेळ घालून देणे बँका आणि कर्ज देणाऱ्या कंपन्या यांच्या सहज हातात आहे. तरीही तो न बसल्याची किंमत खातेदाराने मोजायची, तीही तुटीच्या कित्येक पट, हा व्यवहार न्याय्य म्हणता येत नाही.

आधी हे चालते कसे ते पाहू. पूर्वी कर्ज घेताना पुढच्या तारखांचे धनादेश लिहून द्यावे लागत. नव्वदच्या दशकात रिझर्व्ह बँकेने ईसीएस ही इलेक्ट्रॉनिक पद्धत आणली आणि २०१२ च्या अखेरीस नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनची 'नॅच' सुरू झाली. कर्ज मंजूर करताना एका छोट्या फॉर्मवर सही घेतात किंवा मोबाइलवर ओटीपी घेतात, तो मँडेट. त्यात खाते क्रमांक, रकमेची कमाल मर्यादा, वसुली किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिलेले असते. पुढे दर महिन्याला कर्ज देणाऱ्याची बँक मागणीची यादी नॅचमधून पाठवते आणि आपली बँक पैसे असतील तर वळते करते, नसतील तर 'अपुरी शिल्लक' असे कारण देऊन मागणी परत धाडते. मधे कोणी माणूस बसलेला नसतो. हजार मागण्यांची यादी असो की लाखाची, ती संगणकच निकाली काढतो. मागणी परत गेली की मात्र दोन्ही बाजूंनी दंड सुरू होतो. आपली बँक मागणी परत पाठवल्याबद्दल साधारण २५० ते ५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी घेते, आणि कर्ज देणारी कंपनी हप्ता चुकल्याबद्दल स्वतःचे 'बाउन्स चार्जेस' वेगळे लावते. शिवाय कंपनी तीच मागणी दोनचार दिवसांनी पुन्हा पाठवू शकते. ती दुसऱ्यांदा परत गेली की आपल्या बँकेचा दंडही दुसऱ्यांदा.

एक नमुन्याचा हिशेब मांडतो. दुचाकीचा हप्ता ३,४५० रुपये, तारीख ५. खात्यात शिल्लक ३,४०० रुपये, म्हणजे पन्नास कमी. पाच तारखेला हप्ता परत जातो. बँक २५० अधिक ४५ जीएसटी असे २९५ रुपये त्याच शिलकेतून कापून घेते आणि खात्यात ३,१०५ उरतात. आठ तारखेला कंपनी पुन्हा मागणी पाठवते. पगार अजून जमा झालेला नाही, उलट आधीच्या दंडाने तूट पन्नासची ३४५ झाली आहे. हप्ता पुन्हा परत, पुन्हा २९५, शिल्लक २,८१०. दहा तारखेला पगार होतो आणि हप्ता भरला जातो, पण कंपनीचे ४०० रुपये बाउन्स चार्जेस त्या हप्त्यात मिळवलेले असतात. पन्नास रुपये पाच दिवस कमी पडले म्हणून ९९० रुपये गेले. खाते रिकामे असते तरी सुटका नव्हती. दंडाची रक्कम 'होल्ड' म्हणून नोंदली जाते आणि पुढे जमा होणाऱ्या पहिल्या पैशांतून वसूल होते. पुढच्या महिन्यात हा माणूस मुळातच ९९० रुपये मागे असतो, म्हणून पुढचा हप्ता बाउन्स होण्याची शक्यता वाढते. चूक टळावी म्हणून लावलेल्या दंडानेच पुढची चूक घडते, हा या पद्धतीतला सर्वांत मोठा दोष आहे.

आता हाच हिशेब मार्गासनीसारख्या गावात ठेवून पाहावा. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव, राजगडाला गुंजवणे बाजूने जाणाऱ्यांच्या ओळखीचे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, पण उत्पन्नाचे गणित पूर्वीचेच. इथे मुख्य पीक भाताचे. जूनमध्ये रोपे टाकायची, जुलैत लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी. म्हणजे भाताचा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही दिवाळीच्या पुढेमागे. दुधाचे बिल दहा किंवा पंधरा दिवसांनी. पीएम किसानचे दोन हजार चार महिन्यांनी. घरातले तरुण खेड-शिवापूर, शिरवळच्या कारखान्यांत कंत्राटदारामार्फत कामाला असतील तर पगार महिन्याला, पण कंत्राटदाराच्या सोयीने. या सगळ्या पैशांना आपापल्या तारखा आहेत. त्यांच्या विरुद्ध दर महिन्याच्या ३, ५ किंवा ७ तारखेला ठाम उभा असतो तो हप्ता. हे वेळापत्रक एक तारखेला पगार होणाऱ्या शहरी नोकरदारासाठी आखलेले आहे, आणि तेच भातशेतकऱ्याला, दूध घालणाऱ्या बाईला आणि कंत्राटी कामगाराला जसेच्या तसे लावले जाते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यात आणखी भर पडते. प्रधानमंत्री जीवन ज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये त्याच सुमारास खात्यातून वळते होतात, आणि नेमके तेव्हाच बियाणे-खतासाठी पैसे काढलेले असतात. जूनच्या ५ तारखेचा हप्ता ४५६ रुपयांनी अडला तर त्यात बेशिस्त कुणाची?

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत तर कायदाच साक्षीला आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या आस्थापनेला पगार करण्यासाठी पुढल्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मुदत दिली होती, मोठ्या आस्थापनेला १० तारखेपर्यंत. नव्या वेतन संहितेने मासिक पगारासाठी ती सर्वांना ७ तारीख केली. म्हणजे मालकाने कायदा तंतोतंत पाळून ७ तारखेला पगार केला, तरी ५ तारखेचा हप्ता बाउन्स होऊ शकतो. मालक निर्दोष, कामगार दंडपात्र. त्यात १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालते, रविवारी आणि सणासुदीलाही. पगार आणि अनुदाने सुट्टीतही जमा व्हावीत यासाठी केलेली ही सुधारणा चांगलीच आहे. पण तिची दुसरी बाजू गावात जाणवते. पाच तारीख रविवारी आली तर हप्ता रविवारीच मागितला जातो, आणि हातात रोख असलेल्या माणसाला शाखा उघडण्यासाठी सोमवारची वाट पाहावी लागते. पैसे आहेत, फक्त ते खात्यात नेऊन टाकायला दार उघडे नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की दंड काढला तर कोणी हप्ते वेळेवर भरणारच नाही. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. कर्जाची परतफेड नियमित झाली तरच पुढच्या माणसाला कर्ज मिळते, हे सहकारी संस्थांच्या पुणे जिल्ह्यात सांगायला नको. पण आकडे काय सांगतात ते पाहा. टाळेबंदीच्या काळात, जून २०२० मध्ये, नॅचच्या दर शंभर मागण्यांमधल्या चाळीसहून अधिक परत गेल्या. त्यानंतरही बराच काळ हे प्रमाण तीसच्या आसपास राहिले. याच काळातले, मार्च २०२२ चे, बँकांच्या थकीत कर्जांचे प्रमाण मात्र सुमारे सहा टक्के होते आणि मार्च २०२४ पर्यंत ते २.८ टक्क्यांवर उतरले. हे दोन आकडे एकाच मापाचे नाहीत. एकच हप्ता दोनतीनदा मागितला की तो तितक्यांदा मोजला जातो, आणि हप्त्यांची संख्या व कर्जाची रक्कम या वेगळ्या गोष्टी. तरीही एवढे निश्चित दिसते, की ज्यांचे हप्ते परत जातात त्यांतले बहुसंख्य लोक थोड्याच दिवसांत पैसे भरतात. ते बुडवे नाहीत. आणि जो खरोखर बुडवतो त्याच्यासाठी इतर उपाय आहेतच. कर्ज देणाऱ्याचा दंड आहे, सिबिलवरची नोंद आहे, आणि २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचे २५ वे कलम आहे. त्यानुसार पैसे नसल्याने इलेक्ट्रॉनिक वसुली परत गेली आणि नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत रक्कम भरली नाही, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. इतकी तजवीज असताना ज्या बँकेचे कर्जच नाही, जिच्याकडे फक्त बचत खाते आहे, तिने शिस्तीच्या नावाने वेगळा दंड घेण्याचे कारण उरत नाही.

मग म्हटले जाते की बँकेला खर्च येतो. येत असेल, पण किती? रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांच्या शुल्कांचा विचार करण्यासाठी कार्यगट नेमला होता. तेव्हापासून बँकांना दिलेले तत्त्व स्पष्ट आहे: शुल्क वाजवी असावे आणि सेवा देण्याच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावे. एक इलेक्ट्रॉनिक मागणी 'अपुरी शिल्लक' असा शेरा मारून परत पाठवायला अडीचशे ते पाचशे रुपये खर्च येतो, हे पटण्यासारखे नाही. तुलनेसाठी सरकारचीच अटल पेन्शन योजना घ्या. तीही खात्यातून आपोआप हप्ता घेते, तिथेही शिल्लक कमी पडते. तिथला दंड उशिराच्या प्रत्येक महिन्याला शंभर रुपयांमागे एक रुपया आहे. आपल्या ३,४५० रुपयांच्या हप्त्याला तो नियम लावला तर महिन्याभराच्या उशिराला जेमतेम ३५ रुपये होतात. रकमेच्या आणि उशिराच्या प्रमाणात दंड आकारणे शक्य आहे, संगणकाला ते जमते आणि एवढी मोठी योजना त्यावर चालते.

तिसरा आक्षेप कायद्याचा: तुम्ही सही केली आहे, दरपत्रक मान्य केले आहे. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेली रक्कम ही केवळ तिची कमाल मर्यादा. सहीने अवाजवी दंड वाजवी होत नाही. रिझर्व्ह बँकेनेही कर्जाच्या बाबतीत हाच रोख धरला आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज बंद करून त्याजागी दंडशुल्क आणले आणि ते वाजवी, चुकीच्या प्रमाणात असावे, त्यावर पुन्हा व्याज चढू नये, असे बंधन घातले. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनेही कर्जाच्या अटी मोडल्याबद्दलच्या दंडावर जीएसटी नाही, असे ठरवले, कारण दंड म्हणजे सेवा नव्हे. कर्ज देणाऱ्याच्या दंडाला ही सगळी चौकट लागू होते. बचत खात्याच्या बँकेने 'सेवाशुल्क' म्हणून घेतलेला दंड मात्र तिच्याबाहेर राहतो. सूचनेचेही तसेच आहे. कार्ड, वॉलेट आणि यूपीआयवरून आपोआप होणाऱ्या वसुलीची सूचना किमान २४ तास आधी देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे. नॅच त्या चौकटीत येत नाही. काही कंपन्या स्वतःहून एसएमएस पाठवतात, तो बहुधा इंग्रजीत असतो. महिन्याला १४९ रुपयांच्या मोबाइल ॲपसाठी आदल्या दिवशी सूचना मिळण्याचा हक्क आणि ३,४५० च्या हप्त्यासाठी तो नाही, ही विसंगती दूर व्हायलाच हवी.

बँकांची शुल्के म्हणजे काही निसर्गनियम नव्हेत, लोकांनी आवाज उठवला की ती बदलतात. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले तेव्हा राज्यात अनेक महिलांच्या खात्यांतून किमान शिल्लक नसल्याचा जुना दंड किंवा थकलेली बाकी त्यातूनच कापली गेली. महिला व बालविकासमंत्री अदिती तटकरे यांना बँकांना सांगावे लागले की या रकमेतून कपात करू नका. त्याच वर्षी संसदेत दिलेल्या उत्तरातून कळले की सरकारी बँकांनी पाच वर्षांत किमान शिलकेच्या दंडापोटी सुमारे ८,५०० कोटी रुपये गोळा केले होते. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्येच बंद केला होता. २०२५ मध्ये कॅनरा, पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा अशा बँकांनीही केला. दंड गेल्याने त्या बँका बुडाल्या नाहीत. शून्य शिलकेच्या खात्यांवर महिन्यात चारहून अधिक व्यवहार झाले की प्रत्येकी १७ रुपये ७० पैसे कापले जात होते, तेही आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांनी चिकाटीने हिशेब मांडल्यामुळे चव्हाट्यावर आले. नॅचच्या दंडाचाही असा हिशेब मागायला हवा.

दंड काढला की बँका तो दुसरीकडून वसूल करतील, ही शंकाही खरी आहे आणि ब्रिटनचा अनुभव तिला दुजोरा देतो. तिथे शिल्लक नसताना डायरेक्ट डेबिट आला तर बँक खाते उणे करून पैसे देई किंवा नाकारी, आणि दोन्ही वेळा घसघशीत शुल्क लावी. हजारो ग्राहकांच्या तक्रारींनंतर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये बँकांच्या बाजूने निकाल लागला. पण ६ एप्रिल २०२० पासून तिथल्या नियामकाने ठोक शुल्कावर बंदी आणली. उणे रकमेवर वार्षिक दराने फक्त व्याज घ्यायचे आणि नाकारलेल्या वसुलीचे शुल्क प्रत्यक्ष खर्चाशी जुळणारे ठेवायचे, असा नियम झाला. त्यावर अनेक बँकांनी व्याजदर चाळीस टक्क्यांच्या घरात नेले आणि टीकाही झाली. पण त्या चाळीस टक्क्यांनीही पन्नास रुपये पाच दिवस वापरल्याचे व्याज होते सत्तावीस पैसे. आपल्याकडे जनधन खात्यावर दहा हजार रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टची तरतूद कागदावर आहे. तिच्यातून अशी छोटी तूट चार दिवस भरून निघाली, तर बँकेला व्याज मिळेल, कंपनीला हप्ता मिळेल आणि खातेदाराचे ९९० रुपये वाचतील.

नियम बदलेपर्यंत खातेदाराच्या हातात काय आहे? सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तारीख. मँडेटवर सही करण्याआधी हप्ता १२ किंवा १५ तारखेला लावून मागावा. कर्ज चालू असले तरी कंपनीकडे लेखी अर्ज करून तारीख बदलून मागता येते. पगार जिथे जमा होतो त्याच खात्यावर मँडेट असावा, आणि विम्याचे हप्ते शक्यतो दुसऱ्या खात्यावर. मँडेटमध्ये रकमेची कमाल मर्यादा हप्त्यापेक्षा फार मोठी लिहिली असेल तर कारण विचारावे. कर्ज फिटल्यावर नुसती एनओसी घेऊन थांबू नये, मँडेटही रद्द करून घ्यावा. त्यासाठी आपल्या बँकेत अर्ज पुरतो, कंपनीची संमती आणा असे बँकेने सांगायचे नसते. मात्र चालू कर्जाचा मँडेट रद्द केला तरी देणे राहतेच, हप्ता दुसऱ्या मार्गाने वेळेवर भरावा लागतो. दंड लागलाच, तर शाखेत तोंडी विनवणी करण्यापेक्षा लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एकाच हप्त्यासाठी दोनदा दंड का, दरपत्रकात तो कुठे आहे, रद्द का करू नये, एवढे तीन प्रश्न त्यात पुरे आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर तिची माहिती मिळते.

पण एकेकट्या अर्जाने सगळ्यांचा प्रश्न सुटत नाही. पुणे जिल्ह्याची अग्रणी बँक, बँक ऑफ महाराष्ट्र, पुण्यातच आहे, आणि बँकांच्या जिल्हास्तरीय समितीच्या बैठका जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली होतात. राजगड आणि भोर तालुक्यांतल्या ग्रामसभांनी ठराव करून या समितीकडे तीन मागण्या पाठवाव्यात: मँडेट घेताना हप्त्याची तारीख खातेदाराला निवडू द्यावी, वसुलीच्या दोन दिवस आधी मराठीत सूचना मिळावी, आणि एका हप्त्यासाठी एकापेक्षा जास्त दंड लागू नये. पुढची ग्रामसभा येईल तेव्हा हा विषय पत्रिकेवर घ्या, आणि जाताना आपापली पासबुके भरून न्या.